दोन बाजू, चाळीस मिनिटं, दहापैकी गुण

आम्ही पाचजण जुने पॉप-रॉक अल्बम ओळीने ऐकून दहापैकी गुण देतो. एप्रिलमध्ये घरोघरी कूलर सुरू झाले की पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ला दुपारी गुण देता येत नाहीत. 1973चा हा अल्बम हृदयाच्या अगदी बारीक ठोक्यांनी सुरू होतो आणि त्याच ठोक्यांवर विरतो. डेझर्ट कूलरच्या घरघरीत ही दोन्ही टोकं बुडतात. कूलर बंद करावा तर परभणीच्या 42 अंशांत घामाघूम झालेला माणूस कुठल्याही अल्बमला एक गुण कमीच देतो. म्हणून उन्हाळ्यात बैठक पहाटे साडेपाचला सुरू होते आणि साडेसातला उठते. पावसाळ्यात रात्र चालते, फक्त पत्र्याची खोली नको. पत्र्यावर सर आली की गाण्यातलं ब्रशने वाजवलेलं ड्रम शोधत बसावं लागतं.

एका बैठकीला दोन अल्बम पुरे. मध्ये वीस मिनिटं चहा, आणि त्या वेळात काहीही वाजवायचं नाही. तिसरा लावला की कान थकलेला असतो. थकलेल्या कानाला सिंबल (ड्रमच्या झांजा) टोचतात आणि मऊ आवाजाचे अल्बम उगाच वर चढतात.

आम्ही पाचजण जुने पॉप-रॉक अल्बम ओळीने ऐकून दहापैकी गुण देतो. गुण द्यायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो गुण कशाला द्यायचे हा. बहुतेक लोक गाण्यागाण्याला गुण देऊन सरासरी काढतात. हिशेब सोपा आहे, पण साठ-सत्तरच्या दशकातल्या अल्बमला तो लागू पडत नाही, कारण ते अल्बम एलपीच्या (मोठ्या रेकॉर्डच्या) बाजूंच्या मापाने रचलेले असत. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त भरलं तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, मग आवाजाची पातळी कमी होते आणि खर्ज आटतो. शिवाय सुई कडेकडून लेबलाकडे येते तशी तिच्याखालून सरकणाऱ्या खाचेची गती घटत जाते. कडेला ती सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर असते, लेबलाजवळ जेमतेम 21. आतल्या खाचांत 'स' आणि 'श' फाटतात, म्हणून बाजूच्या टोकाला शांत गाणं ठेवायची रीत पडली. फ्लीटवुड मॅकच्या 'रूमर्स'च्या (1977) पहिल्या बाजूचा शेवट पियानोवरच्या 'साँगबर्ड'ने होतो आणि दुसरी बाजू 'द चेन'ने उघडते, ती याच हिशेबाने ऐकावी. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ने (1969) ही रीत उलटी केली. पहिल्या बाजूच्या शेवटी पावणेआठ मिनिटांचं 'आय वाँट यू' आहे, त्यावर सिंथेसायझरची खरखर चढत जाते आणि गाणं ऐन भरात, टेप कापावी तसं थांबतं. पुढे रेकॉर्ड उलटायला लागणारी शांतता त्या गाण्याचा भागच होती. स्ट्रीमिंगवर लगेच 'हिअर कम्स द सन' सुरू होतं आणि तो झटका फुकट जातो. त्यामुळे माध्यम कोणतंही असो, बाजू संपली की पॉझ दाबायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि मगच पुढे जायचं.

त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर जोडलेल्या तुकड्यांची सुमारे सोळा मिनिटांची मालिका आहे. त्यातलं 'मीन मिस्टर मस्टर्ड' एक मिनिट सहा सेकंदांचं आणि 'पॉलिथीन पॅम' एक मिनिट बारा सेकंदांचं. सुटे ऐकले तर दोघांना पाचाच्या वर गुण पडत नाहीत. सरासरीवाला हिशेब या तुकड्यांना खाली ओढतो आणि त्यांच्याबरोबर सगळा अल्बमही घसरतो. बाजू म्हणून ऐकलं की हेच तुकडे पुढच्या 'गोल्डन स्लंबर्स'ला उचलून धरतात. आमच्या वहीत पहिली बाजू 7.5 आणि दुसरी 9.5 आहे. 'द एंड'नंतर काही सेकंदांच्या शांततेनंतर येणारं 23 सेकंदांचं 'हर मॅजेस्टी' आम्ही गुणांत धरत नाही, ऐकतो मात्र.

दुहेरी अल्बममध्ये हिशेबाची पद्धत किती फरक पाडते, हे बीटल्सच्या 1968च्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमवर तपासून बघावं. त्यात 30 गाणी आहेत आणि लांबी सुमारे 93 मिनिटं. 'रेव्होल्यूशन 9' हा टेपच्या तुकड्यांचा आठ मिनिटं बावीस सेकंदांचा खटाटोप आहे. गाणी मोजली तर त्याचं वजन तिसावा हिस्सा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. मिनिटं मोजली तर नऊ टक्के. चौथ्या बाजूवर मात्र ते एकटं तिसरा हिस्सा जागा खातं. आम्ही चारही बाजूंना वेगवेगळे गुण देतो आणि चौथी बाजू मुकाट्याने 6 वर सोडतो. ते पुढे ढकलून ऐकणारा माणूस आमच्याकडे चालत नाही, कारण ते सोसल्यावरच शेवटचं 'गुड नाइट' एवढं गोड लागतं. उलट बॉब डिलनच्या 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड'ची (1966) चौथी बाजू म्हणजे अकरा मिनिटांहून थोडं लांब एकच गाणं. तिथे बाजूला आणि गाण्याला एकच गुण पडतो, आणि तो पूर्ण चौथा हिस्सा धरावा की नाही यावर आमच्यात अजून एकमत नाही.

बाजू ठरली की आवृत्ती. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. साठच्या दशकात बीटल्सचे अमेरिकेतले अल्बम इंग्लंडपेक्षा वेगळे निघत. 'रिव्हॉल्व्हर' (1966) इंग्लंडमध्ये 14 गाण्यांचा होता, अमेरिकेत 11 गाण्यांचा. गाळलेली तिन्ही गाणी जॉन लेननची, त्यामुळे अमेरिकन रेकॉर्डवर मुख्य आवाज लेननचा असलेली दोनच गाणी उरली. ती रेकॉर्ड ऐकून कुणी 'यात लेनन दिसतच नाही' म्हणाला तर त्याचं चुकत नाही, तो वेगळाच अल्बम ऐकत असतो. आम्ही इंग्लंडची मूळ रचना धरतो. आता स्ट्रीमिंगवर साध्या नावाखाली तीच मिळते. (याच अल्बमवरच्या 'लव्ह यू टू'मधला तबला अनिल भागवत यांचा आहे आणि मूळ कव्हरवर त्यांचं नाव छापलेलं आहे. मराठी माणसाने कव्हर हातात घेतलं की आधी ते शोधावं.)

दुसरा घोळ मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज) आणि स्टिरिओचा (डाव्या-उजव्या कानाला वेगळा आवाज). 'सार्जंट पेपर्स'चं (1967) मोनो मिश्रण बीटल्सनी स्वतः बसून करून घेतलं. स्टिरिओ नंतर, घाईने आणि त्यांच्या गैरहजेरीत झालं. 'शीज लीव्हिंग होम' मोनोत जवळजवळ अर्ध्या स्वराने चढं आणि जलद आहे, स्टिरिओत ते रेंगाळतं. दोन्ही ऐकले तर त्या एका गाण्यावर अर्ध्या गुणाचा फरक पडतो. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' (1966) मोनोतच निघाला. तो घडवणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. स्टिरिओ मिश्रण आलं 1997मध्ये. तो अल्बम मोनोतच ऐकावा, असं आमचं ठाम मत आहे. वाद्यं एकमेकांत मुरून जो एकजीव रंग होतो, तो स्टिरिओत सुटा होतो. बीटल्सच्या 'रबर सोल'चं (1965) स्टिरिओ हेडफोनवर तर नकोच. गळा एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात, तिसऱ्या गाण्यापर्यंत मान वाकडी होते.

तिसरा घोळ 'डीलक्स' आवृत्त्यांचा. चाळीस मिनिटांच्या अल्बमला मागून तासभर चाचणीमुद्रणं आणि मैफिली जोडलेल्या असतात आणि शेवट कुठे झाला ते कळतच नाही. काही वेळा जादा गाणं मधेच घुसवलेलं असतं. आधी मूळ बाजूंची यादी कागदावर लिहून घ्यायची आणि तेवढंच वाजवायचं. डायर स्ट्रेट्सच्या 1985च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'चं उलट आहे. तिथे सीडी लांब आणि एलपी आखूड. सीडीवर 'व्हाय वरी' साडेआठ मिनिटांचं आहे, एलपीवर साडेपाचलाही पोचत नाही. एलपीवरची काटछाट आम्हाला पसंत आहे. सीडीवर पहिला अर्धा भाग पसरतो.

फोन किंवा संगणकावरून वाजवणार असाल तर तीन गोष्टी तपासा. क्रॉसफेड (एका गाण्याच्या शेवटात पुढचं मिसळणारी सोय) बंद हवा. गाण्यांमधली पोकळी भरणारी गॅपलेस सोय चालू हवी. आणि शफल (गाण्यांचा क्रम पिसणारी सोय) बंद, हे सांगायला नको तरी सांगतो, कारण काही ॲपमध्ये ते आपोआप लागतं. जुन्या एमपी3 फायलींत प्रत्येक गाण्याच्या टोकांना एन्कोडर (फाइल बनवणारा प्रोग्रॅम) किंचित शांतता जोडतो. 'द डार्क साइड ऑफ द मून'च्या शेवटी 'ब्रेन डॅमेज'मधून 'एक्लिप्स'मध्ये जाताना तिथे बारीक ठेच लागते आणि ऐकणारा ती अल्बमच्या नावावर मांडतो. सीडी असेल तर एफएलएसीमध्ये (आवाजातलं काही न गाळणाऱ्या फायलीत) उतरवून घ्या, ही ठेच राहत नाही.

आवाजाची पातळी समान करणारी सोयही नीट लावावी लागते. गाण्यागाण्याला समान पातळी देणारी पद्धत लावली तर 'साँगबर्ड' 'द चेन'एवढं मोठं वाजतं आणि बाजूचा चढउतार सपाट होतो. अल्बमला मिळून एकच पातळी देणारी पद्धत निवडा. वेगवेगळ्या अल्बमची पातळी मात्र एकमेकांशी जुळलेली हवी. दोन मुद्रणांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं 'जास्त चांगलं' वाटतं, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. नव्या रीमास्टरना (जुन्या मुद्रणाच्या नव्याने घडवलेल्या आवृत्त्यांना) उगाच जास्त गुण पडतात ते बऱ्याचदा यामुळे. बसायच्या जागेवर फोनमधलं आवाजमापक ॲप ठेवून जोरकस गाण्याला 75 डेसिबलच्या आसपास पातळी लावावी. फोनचा आकडा खरा असेलच असं नाही, म्हणून दर वेळी फोन तोच वापरावा.

रेकॉर्ड आणि कॅसेटवर ऐकणाऱ्यांनी आधी वेग तपासावा. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला जुना टर्नटेबल स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून फिरतो खरा, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. एसी सिंक्रोनस मोटर (विजेच्या फ्रीक्वेन्सीवर जिचा वेग ठरतो ती) 60 हर्ट्झसाठी बनलेली असेल तर आपल्या 50 हर्ट्झवर 33⅓ऐवजी मिनिटाला 27.8 फेऱ्या होतात आणि गाणं तीन अर्धस्वरांहून थोडं जास्तच उतरतं. 50 हर्ट्झची पुली मिळवणं हाच त्यावर उपाय. डीसी मोटरच्या यंत्राला ही अडचण नाही. कॅसेट डेकचा बेल्ट इथल्या उन्हाळ्यात लवकर सैल होतो. तपासायला घरची पेटी पुरते, फक्त ती 440 हर्ट्झच्या मापाला लावलेली असावी. जॉन लेननचं 'इमॅजिन' पांढरी एकमध्ये आहे, ते लावून 'सा' धरून बघायचा. गाणं पेटीच्या खाली जात असेल तर बेल्ट बदला आणि तोवर गुण देऊ नका, कारण उतरलेलं गाणं कंटाळवाणं वाटतं. कॅसेटवर दोन्ही बाजूंची लांबी जुळवण्यासाठी काही कंपन्या गाण्यांचा क्रमही बदलत. तेव्हा क्रम मूळ यादीशी ताडून घ्यावा.

टर्नटेबलमधून 'हंऽऽ' असा आवाज येत असेल तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) मागच्या स्क्रूला घट्ट आहे का ते बघा. ती ठीक असून ॲम्पच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष घराच्या अर्थिंगचा आहे. काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात गप्प असलेली घरघर उन्हाळ्यात उगवते. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून फरक पडतो का बघावं, आणि पडला तर वायरमनला बोलावून खड्डा नीट भरून घ्यावा. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात, ते अजिबात करू नये. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर ॲम्प भणभणतो.

धूळ तर आहेच. रेकॉर्ड धुवायला बोअरचं पाणी वापरू नका, क्षार खाचांत बसतात आणि वाळल्यावर चटचट वाढते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, ते चालतं. डबा घेताना वाचून घ्या, शेजारीच ॲसिडचा डबा असतो. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं आणि सावलीत उभं वाळवायचं. सुईवरचा गठ्ठा ब्रशने मागून पुढे काढायचा, आडवा नाही.

खोलीसाठी फार खर्च नको. शहाबादी फरशी आणि गिलाव्याच्या भिंती टाळी वाजवली की खणखणतात. फरशीवर दोन वाकळा अंथरल्या आणि पाठीमागच्या भिंतीला गादी उभी केली की बराच फरक पडतो. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर अंतर, आपणही दोघांपासून तितकेच लांब.

आता ऐकणं. पहिल्या फेरीत शब्द वाचायचे नाहीत, लिहायचं नाही, बोलायचं नाही. दोन-तीन दिवसांनी दुसरी फेरी, गाण्यांचे शब्द समोर ठेवून. इंग्रजी उच्चार पहिल्या झटक्यात पकडता येत नाहीत, विशेषतः डिलनचे, आणि शब्द न कळता त्याला 4 देणारे आमच्यातही आहेत. ख्याल आणि नाट्यगीत ऐकून वाढलेला कान आधी गळा तपासतो. सूर लागला का, दम पुरला का, हे बघतो. त्या मापाने डिलन, लू रीड आणि नील यंग नापास होतात. डिलनचं 'हायवे 61 रिव्हिजिटेड' (1965) भारुडासारखं ऐकावं. सांगणाऱ्याची फेक, शब्दावरचा ठोका आणि मधेच मारलेला टोमणा यांवर लक्ष ठेवलं की शेवटचं अकरा मिनिटांहून लांब, ड्रम नसलेलं 'डेसोलेशन रो' संपू नये असं वाटतं. तिसरी फेरी पुन्हा शब्दांशिवाय, आणि ती संपल्यावरच आकडा.

लय मोजायची सवय मात्र कामी येते. 'द डार्क साइड ऑफ द मून'वरच्या 'मनी'च्या बेस गिटारचा फेरा सात मात्रांचा आहे. रूपक ताल समजून मोजायला गेलात तर संख्या जुळते, पण रूपकात सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते आणि इथे पहिलीच मात्रा ठणकून पडते. सॅक्सोफोन सातातच वाजतो. गिटार सुरू झाली की ताल चारात जातो आणि सगळं वाद्यवृंद सुटल्यासारखं धावतं. हा बदल ज्याला मोजता येतो तो त्या गाण्याला अर्धा गुण जास्त देतो, असं दिसतं. ते रास्त की अन्याय, यावर आमच्यात दोन तट आहेत.

आकड्यांचा अर्थ आधी लिहून ठेवावा. आमच्याकडे 5 म्हणजे वाजत असेल तर उठून बंद करणार नाही, पण आपण होऊन लावणार नाही. 7 म्हणजे वर्षातून एकदा लावू. 8 म्हणजे एकही बाजू वगळावीशी वाटत नाही. 9च्या वर जायला दोघांनी आपण होऊन पुन्हा लावायला सांगितलेलं असावं. अर्धे गुण चालतात, पाव नाहीत. पाव गुणाएवढा फरक कुणाच्याच कानाला सांगता येत नाही.

बोलण्याआधी चिठ्ठीवर आकडा लिहायचा. आधी चर्चा झाली की सगळे पहिल्या बोलणाऱ्याच्या आजूबाजूला जमतात. पाच चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून मधली घ्यायची. समजा 8, 8, 7, 8 आणि 2 आले, तर सरासरी 6.6 होते आणि एकाच्या रागाने अल्बम मार खातो. मधली चिठ्ठी 8च सांगते. तो 2 मात्र खोडायचा नाही, शेजारी लिहायचा. 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको'सारख्या (1967) अल्बमला एकमताचा 7 पडण्यापेक्षा 9 आणि 3 पडणं जास्त खरं वाटतं.

कुठल्या क्रमाने ऐकावं? मासिकांच्या 'सर्वोत्तम 500' याद्या वरून खाली ऐकू नयेत. रोलिंग स्टोनच्या 2003च्या यादीत 'सार्जंट पेपर्स' पहिला होता, 2020च्या यादीत मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (1971). यादीचा पहिला क्रमांक ऐकायला बसलं की गुण आधीच 9 ठरलेला असतो. सनावळीने जावं. 1965, 66, 67 असं ओळीने ऐकलं की कोणी कोणाचं ऐकून काय केलं ते आपोआप कळतं.

आधीपासून पाठ असलेलं गाणं सगळ्यात फसवं. ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्याने ऐकलंय, तो 1976च्या त्या अल्बमला पहिल्या साडेसहा मिनिटांतच 9 देऊन मोकळा होतो आणि पुढचं कानामागे टाकतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी. तिथे शेवटी साडेसात मिनिटांचं 'द लास्ट रिसॉर्ट' आहे, आणि आमच्या मते अल्बमचं खरं वजन तिथे आहे. दोन्ही बाजू उलट्या क्रमाने ऐकून आमचा गुण 8.5वरून 7.5वर आला. पहिल्या बाजूचा मधला भाग तेवढा टिकत नाही.

वर्षभराने पुन्हा गुण द्यायचे, जुना आकडा न बघता. फरक एका गुणाच्या आत असेल तर दोन्हींची सरासरी वहीत. जास्त असेल तर आधी आवृत्ती, वेग आणि पातळी ताडायची. तिन्ही सारखे निघाले तर नवा गुण ठेवायचा आणि जुना शेजारी कंसात. 'ब्रदर्स इन आर्म्स' असा दोनदा उतरला आहे, 'पेट साउंड्स' प्रत्येक वेळी वर गेला आहे.